ओगावाबाईंची नागीण

मथुरा धुरी बहरीनला आली ती १९७९ च्या थंडीत. नवरा महादेव आधीपासून तिथेच होता, समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना उभारणाऱ्या एका जपानी कंपनीत ड्रायव्हर. ओगावा नावाच्या इंजिनिअरसाहेबांची गाडी तो चालवायचा. साहेबांच्या बायकोला घरकामाला माणूस हवं होतं. महादेवने बायकोचं नाव पुढे केलं, साहेबांनी व्हिसा काढून दिला, आणि कुडाळजवळच्या पावशीहून कधी सावंतवाडीच्या पलीकडे न गेलेली मथुरा विमानात बसून थेट जनाबियात, साहेबांच्या बंगल्यावर येऊन उतरली. बंगल्यामागे राहायला एक खोली, दारात खजुराचं झाड. पदरी मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मागे काही अडकलेलंही नव्हतं.

ओगावाबाई पन्नाशीच्या आसपासच्या, चणीने लहानखुऱ्या. बोलणं इतकं हळू, की ऐकायला जवळ जावं लागे. पहिल्या दिवशी त्यांनी मथुराला चहा दिला आणि दोन्ही हातांनी कप पुढे करताना मान लववली. मालकिणीने मोलकरणीपुढे मान लववायची हे मथुराला इतकं अवघड गेलं, की चहाची चव काही तिला कळली नाही.

दुसऱ्या सकाळी मात्र ती पार हादरली. कचरा टाकायला म्हणून ती गॅरेजवरून चालली होती. आतून एकदम अशी आरोळी आली, की हातातली बादली खाली पडली. दार अर्धं उघडं होतं. आत ओगावाबाई. अंगात पांढरा आखूड सदरा, कमरेखाली काळा घोळदार झगा, पाय अनवाणी. हातात त्यांच्यापेक्षा कितीतरी उंच दांडा, टोकाला कोयत्यासारखं वळलेलं पातं. तो दांडा त्या गरगर फिरवत होत्या, पुढे सरकत होत्या, हवेतच कुणाची तरी नडगी छाटत होत्या. आणि तोंडाने ती आरोळी. कालच्या आवाजाशी तिचं काही नातंच नव्हतं.

मथुराने खोलीत धाव घेतली आणि दाराला कडी घातली. महादेव दुपारी जेवायला आला तेव्हाही ती तशीच बसलेली.

"ओ, त्या बाईच्या अंगात येता," ती म्हणाली.

"तुका खूळ लागला काय? जपानी बाईच्या अंगात कोण येतलो?"

"माझ्या डोळ्यांनी बघलंय. हळदकुंकू तरी जवळ ठेवूक व्हया."

महादेव हसला, पण संध्याकाळी गाडीत त्याने साहेबांना भीतभीत विचारलंच. साहेब म्हणाले, ती नागिनाता. जुन्या काळी लढाईला पुरुष गेले की सरदारांच्या बायका या हत्याराने घर राखायच्या. बाईंना ते त्यांच्या आजीने शिकवलं. हत्यार लाकडाचं आहे, भ्यायचं कारण नाही. महादेवने घरी येऊन हे सगळं सांगितलं. मथुराने त्यातलं एवढंच धरलं, की त्या दांड्याचं नाव नागीण.

भीती गेली तरी नवल सरेना. गॅरेजात बाईंनी लाकडाच्या फळ्यांची जमीन करून घेतली होती. मथुरा केरसुणी घेऊन गेली, तर बाईंनी ती हातातून हळूच काढून घेतली. घरभर झाड, इथे मी झाडणार. गुडघे टेकून, ओल्या फडक्याने, त्या ती जमीन स्वतः पुसत. भिंतीवर उंच फळी होती. तिच्यावर देवळासारखं लाकडी खेळणं, वाटीत तांदूळ, वाटीत मीठ, पाणी आणि कडुलिंबाची डहाळी. आत मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती. बाई त्या फळीपुढे वाकत, मग डोळे अर्धे मिटून बसून राहत आणि मगच दांड्याला हात लावत.

"देव कुठे आहे?" मथुराने एकदा विचारलं. दोघींचं बोलणं म्हणजे मोडकं इंग्रजी, त्याहून मोडकं हिंदी आणि उरलेले हातवारे.

बाईंनी हवेत हात फिरवला. म्हणजे इथेच, सगळीकडे. मग छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आधी हे रिकामं करायचं. मग हात उचलायचा. याला आम्ही झेन म्हणतो. शब्द तुमचा आहे, इंडियाचा. ध्यान."

मथुराने मान हलवली. तिच्या गावाकडे एखाद्या गबाळ्याला ध्यान म्हणत, ते आठवून तिला हसू आलं. का हसलीस, असं बाईंनी विचारलं. तिने कसंबसं समजावलं, तेव्हा बाई तोंडावर हात धरून इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून दोघींत मोकळेपणा आला.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंबरोबर सराव करणारी एक जपानी शेजारीण मायदेशी परतली. नागिनाताचे डाव जोडीने करायचे असतात. एकीकडे नागीण, समोर तलवार. बाई काही दिवस एकट्याच घुमल्या, आणि एका सकाळी त्यांनी लाकडी तलवार मथुरापुढे धरली.

"फक्त उभी राहा. मी सांगते तशी तलवार उचल. खरं तर जाणत्याने तलवार घ्यायची असते. वार झेलायचं काम जाणत्याचं. पण तुला नागीण येत नाही, म्हणून."

मथुरा उभी राहिली. आरोळी आली, पातं सरसरत आलं आणि तिच्या कपाळापुढे एका बोटावर थांबलं. वाऱ्याने तिच्या बटा हलल्या. तिने तलवार टाकली आणि तोंडाला येईल ते मालवणीत सुनावलं. बाईंना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. त्या खाली वाकल्या, क्षमा मागितली. मथुरा काही दिवस गॅरेजकडे फिरकलीच नाही. पण भांडी घासताना तिला राहून राहून ते थांबलेलं पातं दिसे. एवढ्या वेगात आलेली वस्तू एखादी बाई अशी हवेत उभी करू शकते, हे तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी एका सकाळी साडीचा काचा मारून ती आपणहून दारात उभी राहिली.

मग ते रोजचंच झालं. ऊन चढायच्या आत दोघी गॅरेजात. आधी वाकायचं, मग बसायचं, मग उभं राहायचं. वार झाला की लगेच अंग ढिलं सोडायचं नाही. समोरच्यावर नजर, मन तिथेच, मागे सरकतानासुद्धा. बाई सांगत, वार कुणीही करतो, वारानंतर माणूस कळतो. नडगीला, मनगटाला, मानेला, कपाळाला पातं येऊन थांबे. मथुराची पापणीसुद्धा हलेनाशी झाली. एखाद्या माणसावर असा भरवसा तिने जन्मात टाकला नव्हता. नवऱ्यावरही नाही, असं ती पुढे सांगायची, आणि तेही नवऱ्यासमोर.

१९८१ च्या एप्रिलात कारखान्यात वाफेचा मोठा पाइप फुटला. ओगावासाहेब त्याच्यासमोर उभे होते.

सांगायला कंपनीची तीन माणसं आली. गाडी महादेवच चालवत होता. तो खाली उतरला आणि गाडीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला, त्यावरूनच मथुराला कळलं. ती धावत आत गेली, तर बाई दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसलेल्या, समोर ती तीन माणसं मान खाली घालून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या वाकल्या आणि म्हणाल्या, एवढ्या उन्हात आपल्याला यावं लागलं. उठून त्यांनी त्या तिघांना स्वतः चहा करून दिला.

मथुरा स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिली. तिच्या गावात नवरा गेल्यावर बाई भिंतीवर कपाळ आपटते, चार बायकांना आवरत नाही. इथे कपबशीचाही आवाज झाला नाही.

"त्या बाईचा काळीज दगडाचा असा," खोलीवर येऊन ती म्हणाली.

"तिका आपल्यासारख्या रडाक येत नसात," महादेव म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते.

दुसऱ्या सकाळी मथुरा पाणी भरायला उठली, तर गॅरेजात दिवा. तिचा विश्वासच बसेना. देह अजून इस्पितळात होता, जपानला न्यायचे कागद व्हायचे होते, आणि बाई सदरा-झगा घालून जमीन पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्या फळीपुढे वाकल्या. मग मथुराकडे वळून त्यांनी तलवार पुढे केली.

"मॅडम, आज मफी, आज नको," मथुरा म्हणाली. "आज खलास. आज रडायचं."

"प्लीज," बाई म्हणाल्या.

मथुराच्या मनात संताप होता, किळसही होती. तरी तिने तलवार घेतली. बाईंचा चेहरा रोजच्यासारखाच. पहिला डाव झाला, दुसरा झाला. पातं येत होतं, थांबत होतं. तिसऱ्या डावात मथुराने ठरल्याप्रमाणे तलवार डोक्यावर उचलली, आरोळी आली आणि पातं मनगटाकडे आलं.

ते थांबलं नाही.

हाड मोडल्याचा आवाज मथुराने आधी ऐकला, दुखलं मागाहून. तलवार फळ्यांवर आपटत गेली. तिने हाताकडे पाहिलं. हात भलतीकडेच वळला होता. समोर बाई पाहत होत्या आपल्याच पात्याकडे, ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. मग त्यांच्या हातातून दांडा सुटला. त्या खाली बसल्या, कपाळ जमिनीला लावलं आणि त्यांच्या छातीतून जे बाहेर पडलं ते रडणं होतं की हंबरडा, हे मथुराला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्या मथुराची क्षमा मागत होत्या आणि मध्येच नवऱ्याचं नाव घेत होत्या, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जात होतं. मथुरा तशीच खाली बसली. मोडका हात मांडीवर घेऊन, दुसरा हात तिने बाईंच्या पाठीवर ठेवला.

इस्पितळात हाताला प्लास्टर चढलं. महादेव भडकलेला होता.

"मी कंपनीक सांगतंय. नायतर पोलिसात जातंय."

"गप ऱ्हवा. तिचो घोव गेलो हा. माझो फक्त हात मोडलो."

त्यानंतरचे दिवस सगळं उलटंपालटं. बाई भात शिजवून मागच्या खोलीवर आणून देत. मथुराचे केस विंचरून वेणी घालत. गॅरेजला त्यांनी कुलूप लावलं. साहेबांबरोबर त्यांचाही व्हिसा संपल्यात जमा होता. देहाबरोबरच त्या जाणार होत्या. सामान बांधायला दोघी बसल्या तेव्हा बाईंनी ती नागीण आणली आणि मथुरापुढे आडवी ठेवली.

"मार," त्या म्हणाल्या. उजवं मनगट त्यांनी पुढे केलं होतं. "याच ठिकाणी."

मथुराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण बाईंच्या डोळ्यांत थट्टा नव्हती.

"झेलणं माझं काम होतं. मी तुला तिथे उभं केलं. आणि मन भरलेलं असताना हत्यार उचललं. पन्नास पिढ्यांत असं कुणी केलं नसेल. तू मार, नाहीतर मी हे जाळून टाकते. पुन्हा हात लावणार नाही."

मथुराच्या हातून मारणं तर शक्यच नव्हतं. आणि जाळणंही तिला सहन होईना. आजीने दिलेली विद्या, फळीवरचं मीठ, पाणी, ओल्या फडक्याने पुसलेली ती जमीन, हे सगळं एका सकाळपायी राख व्हायचं. ती उठली, बाईंकडून किल्ली मागून घेतली आणि गॅरेज उघडलं. आत धूळ साचली होती. ती फळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हातात तलवार नाही, एक हात गळ्यात बांधलेला.

"आता करा," ती म्हणाली. "कपाळावर."

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हात माझा मोडला. मी सांगते ना, करा."

बाई दारातच उभ्या राहिल्या. मग आत आल्या. आधी त्यांनी फडकं ओलं केलं आणि मथुराच्या पायांभोवतीची सगळी जमीन पुसून काढली. फळीपुढे वाकल्या, बसल्या. बसल्या त्या इतका वेळ, की मथुराचे पाय भरून आले. उठल्या तेव्हा दांडा त्यांच्या हातात स्थिर होता.

महादेव त्याच वेळी जेवायला घरी आला. गॅरेजच्या दारातून त्याला दिसलं ते असं, की गळ्यात हात बांधलेली आपली बायको निमूट उभी आहे आणि जिने तिचा हात मोडला ती बाई तिच्यावर पातं उचलते आहे. तो आत धावणार, तेवढ्यात आरोळी आली. पातं आलं.

कपाळापुढे एका बोटावर ते थांबलं. मथुराची पापणी हलली नव्हती. बाई तशाच राहिल्या, नजर मथुरावर, मग एकेक पाऊल मागे सरकत गेल्या, पार भिंतीपर्यंत. दांडा खाली ठेवून त्या वाकल्या. मथुराही वाकली.

"तू मेलं असतंस," महादेव रात्रभर म्हणत राहिला. तिलाही ते खरंच वाटत होतं.

बाई गेल्या. नागीण कापडात गुंडाळून विमानात त्यांच्याबरोबर गेली. बंगल्यात दुसरं कुटुंब आलं, त्यांनी गॅरेजात गाडी लावली. मथुराचं मनगट जरा वाकडंच जुळलं. जड तपेली उचलताना ती डावा हात पुढे करी. पुढे महादेवने अदलियात एका हॉटेलची गाडी धरली आणि मथुरा सनाबिसला खदिजा नावाच्या शिक्षिकेच्या घरी लागली. १९८६ ला दोघं गावी परतेपर्यंत ती तिथेच होती.

मनगट पाहून खदिजाने एकदा विचारलं, तेव्हा मथुराने तिला सगळं सांगितलं. खदिजा चहा तसाच ठेवून ऐकत राहिली.

"आणि दुसऱ्यांदाही ते थांबलं नसतं तर?" तिने शेवटी विचारलं.

"थांबलं नसतं, तर मी मेले असते," मथुरा म्हणाली, "आणि तीही." एवढं बोलून ती थोडी दचकली. ही गोष्ट तिने आजवर अशी मोठ्याने उच्चारली नव्हती. मग तिने डाव्या हाताने खदिजाचा गार झालेला कप उचलला आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.