बाईंचा हौद गार ठेवताना

आम्ही पाणी विभागातली जुनी माणसं वडवणीच्या बाजारात भेटलो की पहिल्या चहाला बीपी-शुगरची चौकशी होते, दुसऱ्याला पोरांच्या नोकऱ्यांची. तिसरा कप आला की कुणीतरी म्हणतं, "अरे, तो हौद आठवतो का?" झालं! मग गावाकडची बस निघून जाते, पण आम्ही उठत नाही. हे किस्से आम्ही काही मुद्दाम जमवले नाहीत, आपोआप साचत गेले. घडत होते तेव्हा घाम फुटायचा, नोकरी जाती का राहती असं व्हायचं. आता नोकरीच संपली, म्हणून निवांत हसता येतं.

मी सहकारी साखर कारखान्यात फिटर होतो. पंप, व्हॉल्व्ह, पाइपलाइन आणि गळती, एवढंच माझं जग. आमच्या चेअरमनला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांच्या आईला अख्खी कॉलनी 'बाई' म्हणायची, खुद्द अण्णासुद्धा.

बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास कमरेइतक्या पाण्यात चालायचं. आता बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात कमरेइतकं पाणी आणायचं कुठून? नदीत घोटाभर नाही. विहिरीत उतरावं तर तळाला नुसता चिखल. शेवटी अण्णांनी कॉलनीला लागून असलेल्या आपल्या बंगल्यामागं छोटा स्विमिंग पूल बांधला. नकाशावर स्विमिंग पूल. आमच्यासाठी तो हौद!

मार्चच्या शेवटी हौद भरला. पहिल्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. बाई नऊवारी सावरत, कठड्याला धरत पहिल्या पायरीपर्यंत आल्या. पाण्यात पाय घातला आणि झटक्यात बाहेर काढला. दिवसभर ऊन खाऊन पाणी चहासारखं झालं होतं.

आमचे चीफ इंजिनियर धारूरकर साहेब शेजारीच हात जोडून उभे होते. बाई त्यांना म्हणाल्या, "धारूरकर, ह्यात भुईमुगाच्या शेंगा टाका. मीठ मी देते!"

*

त्या दिवसापासून हौद गार ठेवणं ही आमच्या विभागाची जबाबदारी झाली. पण पहिला उपाय अण्णांनीच काढला. बर्फ!

परळीहून बर्फाच्या लाद्या मागवल्या. टेम्पोत लाकडाचा भुसा, भुशात लाद्या, वरून गोणपाट. टेम्पो निघाला सकाळी. रेल्वे फाटकात अडकला, मग पंक्चर झाला, आणि दुपारी आमच्या दारात आला तेव्हा निम्म्या लाद्या रस्त्यालाच वाहून गेल्या होत्या. उरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत.

तरी आम्ही घाईघाईनं सगळं हौदात ढकललं. बर्फ किती वेळ टिकला? बाईंना पायऱ्या उतरायला जेवढा वेळ लागला तेवढा! भुसा मात्र टिकला. बाई नेमानं अर्धा तास चालल्या आणि बाहेर आल्या, तर पायांपासून कमरेपर्यंत भुसाच भुसा.

लेकाकडं बघून म्हणाल्या, "अण्णा, मी पुरणपोळी हाय का रे, पिठात घोळायला?"

बर्फ बंद.

*

मग सय्यद चाचा पुढं आले. चाचा आमच्या नर्सरीचे माळी. उसाच्या रोपांना उन्हाळ्यात जगवणारा माणूस. ते म्हणाले, "साहेब, पाणी तापल्यावर गार कावून करायलात? तापूच देऊ नका की! पाण्याला सावली पायजे."

एवढी साधी गोष्ट आम्हा शिकलेल्यांना सुचली नव्हती. नर्सरीतली हिरवी जाळी काढली, चार खांब रोवले, हौदावर मांडव घातला. दोन दिवसांत फरक पडला. बाई खूश, साहेब खूश.

तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. जाळी खांबांवरून सुटली, घारीसारखी वर गेली आणि कॉलनीवरून दिसेनाशी झाली. मी आणि चाचा तिच्यामागं धावलो. शेवटी ती सापडली सोनवणे केमिस्टच्या गच्चीवर. वहिनींनी तिथं सांडगे वाळत घातले होते आणि जाळी बरोब्बर त्यांच्यावर अंथरली गेली होती.

मी भीतभीत म्हणालो, "वहिनी, चुकून झालं. लगेच काढतो."

"हात लावू नका!" वहिनी कडाडल्या. "चार दिवस झाले कावळे हाकलतेय मी. सांडगे वाळू द्या, मग न्या!"

बाईंना निरोप कळवला. बाई म्हणाल्या, "तिला म्हणावं, वानोळा पाठव." सांडगे आले, जाळी आली. यावेळी चाचांनी ती खाली ओढून, आठ ठिकाणी बांधली. परत कधी उडाली नाही.

*

हे सोनवणे आमच्या लॅबमध्ये होते. माणूस लई शिस्तीचा. रोज चार वाजता हौदात थर्मामीटर सोडायचा आणि आकडा रजिस्टरला लिहायचा. त्याचं आणि बाईंचं एकदा वाजलं.

बाईंनी पायाचा अंगठा बुडवला आणि म्हणाल्या, "कालच्यापेक्षा गरम हाय."

सोनवणे म्हणाले, "नाही बाई. कालच्याइतकंच आहे. हे बघा."

"ती काच बघ तू. मला पाय हाय."

सोनवण्यांना हे लागलं. लॅबमधून दुसरा थर्मामीटर आणला, पाण्यात सोडला. पाणी खरंच तापलेलं होतं! पहिल्या थर्मामीटरमधला पाराच मध्ये तुटला होता. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टीनं एक नवा रकाना आखला: 'बाईंचा अंगठा'.

धारूरकर साहेबांनी सही करताना विचारलं, "सोनवणे, दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचं?"

सोनवणे गंभीरपणे म्हणाले, "थर्मामीटर बदलायचा, साहेब."

*

पुढच्या उन्हाळ्यात ऊन असं पडलं की सावलीतलंही पाणी कोमट व्हायला लागलं. तेव्हा धारूरकर साहेबांना कारखान्याचीच युक्ती आठवली. गाळप चालू असताना कारखान्यातलं गरम पाणी एका मोठ्या तळ्यावर फवारून गार करतात. पाणी हवेत उडालं, थेंब थेंब झालं की गार होऊन खाली पडतं. गाळप बंद झालं होतं, फवारे रिकामेच होते. साहेब म्हणाले, "त्यातले चार हौदावर बसव."

मी बसवले. छोटा पंप जोडला, तर फवाऱ्यातून लाळ गळावी तसं पाणी. साहेब म्हणाले, "मोठा जोड." मोठा जोडला. सकाळी सात वाजता बटण दाबलं आणि पाणी जे उसळलं ते थेट बंगल्याच्या भिंतीपलीकडं!

पलीकडून आवाज आला, "अरे!"

भिंतीपलीकडं अण्णा मुंबईच्या मीटिंगला निघाले होते. कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस, हातात फाईल. दरवाजातून आत आले ते निथळतच. माझ्या डोळ्यांपुढं थेट सस्पेन्शन ऑर्डर!

अण्णांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "धारूरकर, पाणी गार झालंय. बंद करा आता!"

*

पण ते वर्ष दुष्काळाचं होतं. गावोगाव टँकरपुढं हंड्यांच्या रांगा लागलेल्या, आणि बाजारात बातमी फुटली की चेअरमनच्या घरी कारंजं उडतंय! लोकांचंही काय चुकलं म्हणा.

एका दुपारी शेजारच्या गावातल्या पंचवीस-तीस बाया रिकामे हंडे घेऊन बंगल्याच्या फाटकाशी आल्या. पुढं गिरजाबाई. आवाज असा की भोंगा मागं पडावा. अण्णा बीडला गेलेले. वॉचमन आमच्याकडं पळत आला. मी आणि सोनवणे धावत हौदापाशी पोचलो, तोवर बाया आत आल्या होत्या. बाई पाण्यात चालत होत्या.

गिरजाबाई कडाडली, "आमच्या घशाला कोरड पडली, अन् तुमी कारंजं कावून उडवायलात?"

बाई थांबल्या. म्हणाल्या, "गिरजे, हे तळ्याचं पाणी न्हाई गं. बोअरचं बी न्हाई. सोनवणे, सांग तिला."

सोनवणे घाबरत घाबरत पुढं झाले. "मावशी, हे उसातलं पाणी आहे. रस आटवताना वाफ निघते ना, त्या वाफेचं. गाळप संपताना साठवून ठेवलंय. औषध घातलंय, पिता येत नाही."

गिरजाबाईनं क्षणभर विचार केला. "ऊस कुणाचा?"

"तुमचाच. सभासदांचा."

"मग पाणी बी आमचंच की!"

असं म्हणून तिनं हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि सरळ पायऱ्या उतरून पाण्यात! तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. दहा मिनिटांत हौदात पाय ठेवायला जागा नव्हती. कोण कंबर बुडवतंय, कोण नुसतंच डोळे मिटून उभं आहे. वर्षभर डोक्यावर पाणी वाहणाऱ्या त्या बाया. पाण्यात अशा उभ्या कधी राहिल्या असतील, देव जाणे.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या बोअरचे दोन टँकर त्या गावाला सुरू झाले. अण्णांनी केलं का बाईंनी करवलं, हे आम्ही विचारलं नाही. वारा असला की कारंजं बंद ठेवायचं, एक थेंब बाहेर उडता कामा नये, हा हुकूम मात्र बाईंचाच होता. आणि दर बुधवारी दुपारी हौद गिरजाबाईच्या गावाला!

*

आता शेवटचा. हा सांगताना आमच्यातला कुणीच मध्ये बोलत नाही.

त्याच उन्हाळ्यात, एप्रिलच्या भर दुपारी, बगॅसच्या ढिगाला आग लागली. बगॅस म्हणजे ऊस पिळून उरलेला चोथा. वाळून खडखडीत झालेला, दोन मजली ढीग, आणि ढिगापलीकडं कामगारांच्या घरांची ओळ. फायर लाइनचा व्हॉल्व्ह मी खोलला, तर पाइपातून नुसती हवा आली. दुष्काळात टाकी कोरडी पडली होती. बीडहून बंब निघाला, पण त्याला यायला तासभर.

धारूरकर साहेब ओरडले, "हौद!"

मोठा पंप तिथं होताच. पाइप ओढले, फवारे काढून फेकले. बाई पाण्यातच होत्या. मी म्हणालो, "बाई, बाहेर या, पाणी उपसायचंय." त्या म्हणाल्या, "मला बाहेर यायला वेळ लागतो. तू उपस. मी उभी हाय!"

लोडर मशीन ढीग फोडत होतं, आम्ही आत पाणी मारत होतो. धुरानं डोळे जात होते. सय्यद चाचा ओलं गोणपाट अंगावर घेऊन घरांच्या बाजूला उभे, ठिणगी पडली की विझवायचे. बायका पोरंबाळं घेऊन रस्त्यावर आलेल्या. सोनवण्यांची गच्ची त्याच ओळीत. एकदा वारं घरांकडं फिरलं. पण मी पाइप सोडला नाही. कुणीच सोडला नाही. बंब आला तोवर नुसता धूर उरला होता. एक घर जळालं नाही, एक माणूस भाजला नाही.

मग काळीठिक्कर पडलेली आम्ही वीस-पंचवीस माणसं चालत हौदापाशी आलो. तळाला गुडघ्याच्या खाली पाणी उरलं होतं. बाई पायरीवर बसल्या होत्या. सगळ्यात आधी धारूरकर साहेब, बुटांसकट, त्या पाण्यात जाऊन बसले. मग चाचा. मग सगळी शिफ्ट. सोनवणे आधी रडले आणि मग हसायलाच लागले.

तेवढ्यात अण्णांची गाडी आली. आगीची बातमी ऐकून बीडहून निघालेले, चेहरा पांढराफटक. धावतच मागच्या अंगणात आले आणि थबकले. स्वतःच्या हौदात पंचवीस कामगार बसलेले! कुणी उठलं नाही. उठायची ताकदच नव्हती.

अण्णांनी एकेकाकडं पाहिलं, बहुतेक मोजून घेतलं. मग चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि आमच्यात येऊन बसले. पाण्याला हात लावून हळूच म्हणाले, "बाई, पाणी गरम झालंय गं."

वरच्या पायरीवरून बाई म्हणाल्या, "असू दे. आग विझवून दमलंय ते."