ट्रॉलीतली मागची पोती

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ग्रीसचा वास आला की मला आमच्या ट्रॉलीचा हूक आठवतो. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. देऊळगाव राजाच्या बाजारात सोयाबीन न्यायचं होतं.

"वजन पुढं ठेव बे, नाहीतर ट्रॉली डोलते," बाबा म्हणाले.

"तुमाले काय समजते? ट्रॅक्टरवर भार कमी पाह्यजे."

शिकलेल्या पोराचं ऐकून त्यांनी पोती मागं रचू दिली. उतारावर ट्रॉली झोले खाऊ लागली, ट्रॅक्टरलाच इकडेतिकडे ओढू लागली. बाबांनी तो कसाबसा शेतात घालून थांबवला. लोक धावत आले.

"काहो, पह्यल्यांदाच भरली काय ट्रॉली?" एकजण हसला.

"हाव, चुकलं माह्यं," बाबा म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेचीच आता लाज वाटते.