मुंबईत राहणारी पाणी कमिटी

दाभोळजवळच्या एका वाडीतली शाळा, भर दुपार, आणि समोर वाडीतली झाडून सगळी माणसं... ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका सामाजिक संस्थेत मी नुकतीच लागले होते आणि ही माझी पहिलीच मीटिंग!

वरच्या झऱ्याचं पाणी वाडीत आणायचं होतं. पाइप संस्था देणार, पण गावाने आपली कमिटी निवडली तरच. नाहीतर पाइप दुसऱ्या गावाला...

ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं, "प्रश्न विचारा आणि गप्प बसा. लोक आपोआप बोलतात." मी विचारलं, "पाण्यासाठी पुढाकार कोण घेईल?" आणि गप्प बसले.

पाच मिनिटं झाली... दहा झाली. सगळ्यांच्या माना खाली. शेवटी अनसूयाकाकी शेजारच्या हमीदाच्या कानाशी लागली, "कोन वारला गो?"

शोकसभा वाटली होती तिला! सगळे हसले आणि मग मात्र भराभर नावं आली. गुरुजींनी ती फळ्यावर लिहिली. अध्यक्ष तुकाराम, म्हणजे काकीचे मालक.

"कुठे आहेत ते?" मी विचारलं.

"मुंबयला. गनपतीत येतील," काकी म्हणाली.

सचिव इब्राहिम, हमीदाचा नवरा. तो कुवेतला. तिसरे सदस्य लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत, शिफ्ट जुळली तर रविवारी येणार. कमिटी झाली म्हणून टाळ्यासुद्धा वाजल्या...

मला राहवेना. "उद्या पाइप आले तर उतरवून कोण घेणार?"

"आमीच की! दुसरा कोन हाय हितं?" काकी म्हणाली... आणि थांबली. हमीदाकडे बघितलं. मग उठली, फळा पुसला आणि गुरुजींना म्हणाली, "आता आमची नावं लिवा."

गुरुजी चपापले. "अगो, मालकांना विचारलंस काय?"

"इचारीन की. गनपतीत आले की."

उन्हाळ्याच्या आत वाडीत नळ आला. चर बायकांनी खणला, दगड फोडायला गुरुजीसुद्धा आले. पुढे शेजारच्या वाडीने कमिटी करायची ठरवली, तेव्हा समजवायला काकी आणि हमीदा गेल्या... मला कुणी बोलावलंसुद्धा नाही!

आमच्या ऑफिसने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'स्थानिक नेतृत्व तयार केले'. ते वाचून मला अजून हसू येतं. त्या दोघी आधीपासूनच वाडी चालवत होत्या... माझं भाग्य एवढंच, की ते त्यांच्या लक्षात आलं त्या दिवशी मी तिथे होते.