अंदमानची हौस नेमकी कुणाची?

पनवेलच्या हॉस्पिटलात इक्बालला मी शेवटचं पाहिलं ते काचेतून. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छातीला वायरी, डोळे अर्धवट मिटलेले. मी त्याला दिसलो असेन, कारण चादरीवरचा हात त्यानं जरासा उचलला आणि अंगठा वर केला. मी तसाच धावत खाली आलो आणि त्याच्या मुलाला, आसिफला म्हणालो, ‘बरा आहे रे, मला अंगठा दाखवला त्यानं.’ दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या पोराचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी सकाळी आसिफचाच फोन आला, आणि मला त्याच्या रडण्यावरूनच कळलं.

दुसऱ्या कुणी अंगठा दाखवला असता तर मी त्याचा एवढा विचार केला नसता. पण आम्ही दोघं गेले कित्येक महिने समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या हाताच्या खुणा पाठ करत होतो. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘छान चाललंय’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘मी वर चाललो.’ छान चाललं असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. मी दर वेळी चुकायचो आणि इक्बाल खेकसायचा, ‘अरं, तिकडं अंगठा दाखवलास तर तुला बाहेर काढतील आणि मासं राहतील बाजूला!’ मग त्या दिवशी काचेपलीकडून तो काय म्हणाला? चारचौघांसारखं ‘बरा आहे’ म्हणाला, की आमच्या भाषेत बोलला? मला अजून कळत नाही... आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात मला न कळलेली ही एकच गोष्ट नाही.

इक्बाल माझा खालापूरच्या शाळेतला सोबती. मूळचे हे लोक श्रीवर्धनकडचे, पणजोबा सुक्या मासळीच्या धंद्यानं घाटाच्या पायथ्याशी आले आणि इथलेच झाले. घराणं समुद्राकाठचं, पण इक्बालला पोहता येत नव्हतं. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतावरचे पंप, कारखान्यांच्या मोटरी आणि अलीकडे कर्जतच्या बाजूला पावलापावलावर उगवलेल्या फार्महाऊसच्या स्विमिंग पुलांचे पंप, सगळे त्याच्याकडे. मी खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी केली आणि निवृत्त झालो. निवृत्त झाल्यावर माझं काय झालं ते माझं मला कळलं नाही. आजारी नव्हतो, पण सकाळी उठून पायात चप्पल घालावी असं वाटेना. टीव्हीसमोर बसायचो. बायको, सुलभा, काही बोलली की ‘हं’ म्हणायचो.

अशात एक दिवस इक्बाल घरी आला आणि माझ्या तोंडासमोर मोबाईल धरला. निळं पाणी, त्यात तरंगणारा एक माणूस आणि त्याच्याभोवती पिवळ्या माशांचा थवा. ‘हे बघ रं सुधा, मासं कसं तोंडाम्होरनं जातायत! स्कुबा म्हणतात याला. आपण जायचं. अंदमानला.’

मी हसलो. साठीला टेकलेले दोघं, दोघांनाही पोहता येत नाही, आणि समुद्राच्या तळाशी जायचं! पण त्याचा उत्साह एवढा होता की नाही म्हणणं जिवावर आलं. म्हटलं, याला हौस आहे, जाऊ सोबत.

आणि मग तो मागेच लागला. आधी लक्षद्वीप की अंदमान यावर महिनाभर खल झाला. लक्षद्वीपला परवानग्यांचं लचांड, म्हणून अंदमान ठरलं. मग हॅवलॉकला उतरायचं की नीलला, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला छोटं, शांत बेट हवं होतं, त्याला जिथे मासे जास्त ते. तिथल्या डायव्हिंगवाल्या एका मुलीशी तो फोनवर तासन्‌तास बोलायचा. तिनं सांगितलं की पहिल्यांदा येणाऱ्याला पोहता येण्याची गरज नाही, बरोबर शिकवणारा असतो. तरी इक्बालचं म्हणणं, पाण्याची भीती इथेच घालवून जायचं. एका फार्महाऊसच्या मुंबईकर मालकानं त्याला आठवड्याच्या मधल्या वारी पूल वापरायची मुभा दिली होती. तिथे आमची शाळा भरली. नाकावर मास्क चढवून, तोंडात नळी धरून आम्ही दोन म्हातारे कमरेएवढ्या पाण्यात डोकं खाली घालून उभे असायचो. तिथला राखणदार हिरू, जवळच्या वाडीवरचा, काठावर बसून हसायचा. ‘मासं बघाया एवढ्या लांब कशाला? आमच्या नदीत काय मासं नाय?’ इक्बाल पाण्यातूनच ओरडायचा, ‘हायेत रं, पण तुमी त्यांना बघत नाय, खाताव!’

एका गोष्टीचा उलगडा मात्र तेव्हा झाला नाही. पावसाळ्याच्या तोंडी इक्बाल पाण्यात उतरेनासा झाला. काठावर बसायचा, पाय पाण्यात सोडायचा आणि मला खाली पाठवायचा. ‘तू हो पुढं, मी जरा पंपाचा आवाज बघतो.’ कधी गुडघा दुखतो म्हणायचा, कधी सर्दी. मी पाण्याखाली श्वास मोजत राहायचो आणि वर आलो की तो विचारायचा, ‘कसं वाटलं? कान दुखला? घाबरलास?’ मी खरंच घाबरत नव्हतो. मजा यायला लागली होती. घरी आलो की सुलभाला सगळं सांगत बसायचो. तिकिटं काढून झाली, दोघांची, जानेवारीची. आणि गणपतीनंतर हे असं झालं.

माती दिल्यावर काही दिवसांनी मी आणि सुलभा त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोची, नसीमभाभींची, इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचा काळ, चालू होती. त्या काळात बाई बाहेरच्या पुरुषांसमोर येत नाही, म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसलो, सुलभा आत गेली आणि भाभी मधल्या दाराच्या पडद्याआडून माझ्याशी बोलल्या. चाळीस वर्षं त्यांच्या हातचं जेवलो, पण असं नुसत्या आवाजाशी कधी बोललो नव्हतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, ‘भाभी, त्याची अंदमानची हौस राहून गेली.’

मग भाभी म्हणाल्या, ‘त्यांची? हौस तर तुमची होती ना, सुधाकरभाई?’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्या सांगत गेल्या. इक्बाल घरी म्हणायचा, सुधाला फार हौस आहे, त्याला एकट्याला कसं पाठवू? आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. उन्हाळ्यातच त्याच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टरांनी पाण्याखाली जायला साफ मनाई केली होती. ‘त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच...’ भाभी म्हणाल्या. त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तिकिटं तर त्याच्याही नंतर काढली होती, त्याच्या दुकानात बसून, त्यानं स्वतःसाठी खिडकीची जागा मागून घेतली होती.

परत येताना रिक्षात मी सुलभाला म्हणालो, ‘मला कुठली हौस? मी तर त्याच्यासाठी चाललो होतो.’ ती म्हणाली, ‘अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात. टीव्हीवर ते समुद्राचं लागलं होतं, इक्बालभाई बसले होते, आणि तुम्ही म्हणालात, असं एकदा बघायला पाहिजे. कित्येक दिवसांनी तुम्ही आपणहून काही बोलला होतात. मी आणि त्यांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा.’

मला हे आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. आठवतो तो त्याचा मोबाईल, पिवळे मासे. त्याआधी मी काही बोललो असेन तर ते कुठे गेलं? आणि समजा बोललो असेन, तरी ती हौस होती का? माणूस टीव्हीसमोर बसून काहीही म्हणतो. की मला टीव्हीसमोरून उठवण्यासाठीच त्यानं एवढं सगळं रचलं, आणि जायच्या दिवशी विमानतळावर मला ढकलून स्वतः मागे राहणार होता? तो करूही शकला असता असं. पण मग हॅवलॉकसाठी माझ्याशी एवढा भांडला का? ज्याला जायचंच नाही तो जास्त माशांसाठी दोन दिवस अबोला धरतो का? की डॉक्टरांना झुगारून जायचाच बेत होता त्याचा, आणि मी मध्ये आडवा येईन म्हणून लपवलं? एका दिवशी मला एक खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. त्याच्यावर रागावावं की त्याच्यासाठी रडावं, हेही ठरत नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आम्ही पुन्हा गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली, तेव्हा आसिफनं कुरिअरचं एक खोकं माझ्यासमोर आणून ठेवलं. इक्बालनं मागवलेलं, तो गेल्यावर आलेलं. घरात कुणाला उघडायचं धैर्य झालं नव्हतं. आत पाण्याखाली घालायचा मास्क होता, चष्म्याच्या नंबरची काच बसवलेला. मध्यंतरी एकदा त्यानं सहज माझा नंबर विचारला होता तो यासाठी, हे तेव्हा कळलं. मनात म्हटलं, आता उत्तर मिळेल. माझ्या नंबरचा असला तर हा सगळा खटाटोप माझ्यासाठी. त्याच्या नंबरचा असला तर जाणार होता लेकाचा. मास्क मी डोळ्यांना लावला. खोली लख्ख दिसली. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे, दाराचा पडदा, त्यावरची वीण. तो माझा होता. खाली कागदात गुंडाळलेला आणखी एक निघाला. जाड काचेचा... इक्बालला लहानपणापासून भिंगासारखा चष्मा. तो त्याचाच.

सुलभानं तो आत नेला. भाभींनी तो डोळ्यांना लावून पाहिला असावा. मग भाभी म्हणाल्या, ‘सुधाकरभाई, यातनं मला काहीच दिसत नाय हो. सगळं नुसतं पुसट. त्यांना यातनं दिसलं असतं का?’

‘दिसलं असतं भाभी,’ मी म्हणालो. ‘सगळं दिसलं असतं.’

तेवढं एकच मला नक्की माहीत होतं.