कम्युनिटीचा फोन नंबर

खोली आवरायला काढली की आमच्याकडे दोनच गोष्टी वाढलेल्या सापडतात. कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर, आणि किस्से. चार्जर फेकायचा धीर होत नाही. किस्से निदान वाटून तरी टाकता येतात.

खोली कणकवलीत, डेपोमागच्या गल्लीत, बेकरीच्या वर. तिथे मी, मुग्धा आणि आरोंद्याचा सावियो असे तिघे फ्रीलान्सर बसतो. छोट्या वाचनालयांसाठी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, कुणीही फुकट घ्यावं असं. त्यात नवीन काही हवं असलं की ते साइटवर मांडायचं. वाचनालयं आणि वाचक जमेल तशी वर्गणी भरतात. साइटवर जमलेली वर्गणी दाखवणारी हिरवी पट्टी पूर्ण भरली की आमच्यापैकी कुणीतरी ते काम करतं आणि जमलेले पैसे घेतं. इतकं साधं आहे, पण समजावून सांगायला गेलं की आम्हीच लबाड वाटतो.

खोली घेताना घरमालकांनी विचारलं, "कंपनी खंयची?"

कंपनी नाही, असं म्हणून मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमी काम करतास आणि लोकांक फुकट देतास?"

"हो काका."

"द्या बापडे. माका भाडा मात्र रोख व्हया."

* * *

मसुऱ्याकडच्या एका वाचनालयात सावंतबाई आहेत. उशिरा आलेल्या पुस्तकांचा दंड आपोआप निघावा म्हणून त्यांनी वाचकांच्या मागे लागून वर्गणी जमवली. काम झालं, बाई खूश. आठवड्याने त्यांचा फोन आला. सुरुवात अगदी ऑफिसातल्या मराठीत.

"पैसे आम्ही भरले, आणि ही सोय शेजारच्या गावातल्या वाचनालयातही कशी काय सुरू झाली?"

मी म्हटलं, "बाई, ओपन सोर्स आहे. एकाला दिलं की सगळ्यांना मिळतं."

"मगे त्यांका दोन दिवस उशिरा द्येवचा होता! माका आधी मिरवूक तरी गावला असता!"

पण बाई गप्प बसणाऱ्या नव्हेत. त्यांनी शेजारच्या गावात स्वतः फोन करून कळवलं, "दंडाची सोय चालता मां नीट? आमीच दिली हां ती." ते शेजाऱ्यांना इतकं लागलं की पुढच्या कामाची पट्टी त्यांनी एकट्यांनी भरली, आणि पहिला फोन सावंतबाईंना केला.

परदेशातले लोक आम्हाला विचारतात, तुमच्याकडे कम्युनिटी फंडिंग इतकं जोरात कसं चालतं? आम्ही नम्रपणे हसतो.

* * *

एकदा कुठल्याशा थंड देशातल्या वाचनालयाने पैसे दिले. बर्फ पडला की त्यांना अचानक सुट्टी द्यावी लागते आणि ती तारीख आधी कळत नाही. अशी सुट्टी सॉफ्टवेअरमध्ये कशी बसवायची, यावर साइटवर मोठमोठे लोक लांबलचक चर्चा करत होते.

मुग्धाने फ्रिजच्या बाहेर बर्फ पाहिलेला नाही. ती म्हणाली, "ह्यात काय विशेष? आमच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेसारखंच की. जत्रा होणार हे नक्की, तारीख देवी सांगेल तेव्हा."

तिने जत्रा डोळ्यांपुढे ठेवून काम केलं आणि ते पहिल्या झटक्यात चाललं. फक्त तपासायला टाकलेली नोंद काढायची राहिली. त्या थंड देशातलं वाचनालय भराडी देवीच्या जत्रेनिमित्त दोन दिवस बंद असल्याचं जाहीर झालं.

आम्ही घाईघाईने माफीचा मेल लिहिला. उत्तर आलं, "कर्मचारी विचारत आहेत, ही सुट्टी पुढच्या वर्षीही ठेवता येईल का?"

* * *

आता सावियो. त्याचे पप्पा इनासअंकल जन्मभर जहाजावर कुक होते. रांग मोडणाऱ्याला, मग तो कॅप्टन का असेना, त्यांनी कधी ताट वाढलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. मुलाचं काम त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"तुझो मालक कोण?"

"मालक नाय, पप्पा. कम्युनिटी पैसे देता."

"कम्युनिटी म्हणजे कोण? तिचो फोन नंबर दी."

दर रविवारी हेच. शेवटी अंकलनी गोव्यातल्या एका एजंटला गाठून सावियोसाठी जहाजावरच्या कम्प्युटर विभागात जागा बघितली. सावियोने एक काम साइटवर मांडलं होतं. पुस्तकाचं नाव चुकीचं टाइप केलं तरी पुस्तक सापडावं, असा शोध. सहा महिन्यांचं मोठं काम, आणि पट्टी निम्म्यावरच अडकलेली. बाप-लेकात ठरलं, महिनाअखेरपर्यंत पट्टी भरली नाही तर जहाज.

बेकरीच्या जिन्यात बसून सावियो एकदाच म्हणाला, "माका जावचा नाय रे." मला फार वाईट वाटलं.

साइटवर चौकशीसाठी एक फोन नंबर द्यावा लागतो. वैतागून सावियोने तिथे पप्पांचा नंबर टाकला आणि त्यांना सांगितलं, "कम्युनिटीचो नंबर माझ्याकडे नाय. तुमचो नंबर तिका दिलंय."

दुसऱ्या दिवसापासून आरोंद्याला फोन सुरू झाले. कोण देवगडहून, कोण पार विदर्भातून. शोध कधी येणार, एवढाच प्रश्न. अंकल आधी चिडले, मग खुर्ची ओढून बसले, मग त्यांना त्यात रंगत वाटायला लागली. वर्गणी भरलेल्यांशी ते आधी बोलत, बाकीच्यांना रांगेत ठेवत. सावंतबाईंचा तर रोज फोन. बाई अमुक भरतायत, हे अंकल बाईंच्या शेजारच्या गावाला आवर्जून कळवायचे. पट्टी सरकायला लागली.

महिन्याचा शेवटचा रविवार. मी आणि मुग्धा आरोंद्याला जेवायला गेलो होतो. पट्टी अगदी थोडी उरलेली. सावियो ताटातलं सुंगटाचं तिखलं, म्हणजे कोलंबीचं झणझणीत कालवण, नुसतं चिवडत होता. अंकलचा फोन वाजला. उजवा हात भाताने भरलेला, म्हणून त्यांनी डाव्या हाताने स्पीकर लावला.

"नमस्कार, गोव्याहून बोलतोय. सावियोच्या जहाजाचं पक्कं झालंय. त्याला द्या जरा."

सावियोचा घास हातातच राहिला. अंकलनी पोराकडे बघितलं, मग फोनकडे.

"वर्गणी भरलास?"

"कसली वर्गणी?"

"मगे रांगेत रवा. तुमच्या आधी मसुऱ्याच्या बाई आसत."