दुपारी तीनची शुभ सकाळ

दर रविवारी जेवून जरा आडवा झालो की माझा फोन लागोपाठ सात वेळा वाजायचा. सात गुलाब यायचे. तेही वेगवेगळे नाहीत, तोच एक लाल गुलाब, त्यावर तेच दवाचे थेंब आणि खाली 'शुभ सकाळ'. दुपारी तीन वाजता! पाठवणारा माझा शाळासोबती. धडगावच्या पलीकडे डोंगरात त्याचं गाव. शहाद्याच्या वसतिगृहात आम्ही पाच वर्षं एका खोलीत काढली. घरी तो पावरी बोलतो आणि माझ्याशी तेव्हा शिकलेली अहिराणी. एका ताटात जेवलेला माणूस, आणि साठीला आल्यावर त्याला सकाळ कुठली नि दुपार कुठली कळेना, म्हणून मी चरफडायचो.

खरं तर चरफडायला मला कारण लागत नाही. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं करण्यात माझी नोकरी गेली, आणि रांगेतल्या प्रत्येकाला घाई असायची. निवृत्त झाल्यावर कुणीतरी मला शाळेच्या ग्रुपमध्ये टाकलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ग्रुपवर जोडलेले हात आले, फुलं आली, 'लवकर बरे व्हा' आलं. डबा घेऊन कोणी आलं नाही. त्यातले चौघे तर दवाखान्याच्याच रस्त्यावर राहतात. डोंगरातल्या मित्राला मी कळवलंही नव्हतं, तरी तो आला नाही याचा राग सगळ्यात जास्त आला.

कारण पूर्वी तो महिन्यातून एकदा बाजाराला यायचा. स्टँडसमोर आम्ही दोन-दोन चहा प्यायचो आणि मनसोक्त भांडायचो. हातात फोन आल्यापासून त्याचं येणं कमी झालं. मीही त्याच्याकडे जायचं नाव काढेना. बोलणं चालूच आहे असं दोघांनाही वाटत होतं. उन्हाळा संपताना तो आमचुराची पिशवी मात्र न चुकता घेऊन यायचा.

मागच्या हिवाळ्यात नात झाली. लेकीने सुरतेहून फोटो पाठवला. तो उघडेना. फोन म्हणे, जागा नाही! ग्रुपवरचे वाढदिवसाचे केक आणि कुणाकुणाची भाषणं यांनी फोन गच्च भरला होता. मी चष्मा कपाळावर चढवून एकेक पुसत बसलो होतो, बायको मागून "दिसनी का?" करत होती, आणि नेमके तेव्हाच सात गुलाब आले. माझं डोकं सटकलं. बटण दाबून धरलं आणि त्याला ऐकवलं, "तुले काही कामधंदा शे का नही? दुपारले सात-सात येळा कशी सकाळ व्हस रे तुन्ही? बंद कर हाई! मन्हा फोन काय उकिरडा शे का?"

उत्तरादाखल एक अंगठा आला. पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. बरं झालं, म्हटलं, झोप तरी लागेल. झोप काही लागली नाही, ती गोष्ट वेगळी.

उन्हाळा गेला. एक दिवस वरणाला फोडणी देताना बायको म्हणाली, "यंदा तुम्हना दोस्तनं आमचूर नही उनं."

"बाजारातून आणतो की."

"मी आमचूरनी गोट नही करस," ती म्हणाली.

मी उठून चष्मा शोधला. फोन लावला, लागेना. ग्रुपवर विचारलं, त्याच्याबद्दल कुणाला काही कळलंय का? चार अंगठे आले. या अंगठ्यांचं मी करू काय? शाळेपासूनचा एकच माणूस माझ्याकडे उरला होता, आणि त्यालाही मी तोंडाने घालवला होता. ज्यांच्यावर चिडायला हवं होतं त्यांना मी रोज हात जोडत होतो.

पावसाची उघडीप बघून निघालो. एसटी, मग जीप, मग तंगडतोड. तो अंगणात दोरी वळत बसला होता. मला बघून उठला, पाणी आणलं, खाट टाकली. एका शब्दाने बोलला नाही की रागावलोय. त्याने मला चांगलं झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी मीच विचारलं, "फोन बिघडना का तुन्हा?"

त्याने फोन माझ्या हातात दिला. माझ्या नावाखाली माझं ते बोलणं होतं, त्याचा अंगठा होता आणि त्याखाली गुलाब. बोटाने सरकवत राहिलो तरी ते संपेनात. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारकं घड्याळ, म्हणजे अजून न गेलेला.

"हाई काय शे?"

"रोज सकाळे उठस, तुले एक दाबी देस," तो म्हणाला. "आठे रेंज नही. रविवारले वर मोहना झाडपाशी ग्यं का, हप्ताना सगळा एकदम जातस. आते मी वर जात नही. तुले तरास नको."

म्हणजे तो रोज सकाळीच पाठवत होता. त्याची दुपार फक्त माझ्याकडे होत होती.

"मन्हं बोलणं तू कोठे ऐकं?"

"तठेच. फोन जोरमा वाजना. सगळा गाव बठेल व्हता."

त्यांना माझी अहिराणी कळली नसेल, पण सूर नक्की कळला असणार. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. "ऊठ," मी म्हणालो, "वर जाऊ."

चढताना माझे गुडघे बोलायला लागले. तो पुढे होता, आणि मी थांबलो की मागे न बघताच थांबायचा. मोहाच्या झाडाखाली दहा-बारा जण आपापले फोन घेऊन बसले होते. त्याच्या फोनला रेंज आली आणि माझा खिसा वाजायला लागला. थांबेचना. सगळे बघायला लागले. मग फोन मध्येच गप्प झाला. परत तेच, जागा नाही! मी तिथेच दगडावर बसलो आणि शाळेचा ग्रुप, केक, भाषणं, सगळं पुसून टाकलं. मग उरलेले गुलाब आले.

"चुकनू रे भो मी," मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो.

"हळू बोल," तो म्हणाला. "आठे सगळासले आयकू येस."

निघताना त्याने आमचुराची पिशवी दिली. केव्हाची बांधून ठेवलेली होती.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन फोनसमोर बसलो. फोन गप्प होता. तिकडे त्याने एव्हाना दाबलं असणार, आणि मला ते रविवारी मिळणार. तोपर्यंत नुसतं बसून राहायचं, वैताग आहे.