लीलाकाकूंची परात

आमचा चंद्रहास भलता चिकित्सक माणूस. इकडे परदेशात, पेनरोजच्या आमच्या पाट्यांच्या वर्कशॉपमध्ये राउटरवर, म्हणजे गरगरत्या कटरच्या मशीनवर, पितळी अक्षरं कापायचं काम त्याचं, आणि कापलेल्या अक्षरांच्या कडा घासून चकाकी आणायचं माझं. पत्रा ठेवण्याआधी हा मशीनच्या टेबलावरून तळहात फिरवणार, फुंकर मारणार, पुन्हा हात फिरवणार. "अरे, मशीन आहे ते, तान्हं बाळ नाही!" मी वैतागते. हा ढिम्म.

दसऱ्याला त्याच मशीनची पूजा. आमचा गोरा बॉस "स्वीट ॲज", म्हणजे 'झकास', म्हणत पेढ्यासाठी हात पुढे करतो. यंदाही हळदकुंकू, फूल, अक्षता झाल्या, तोवर हेन्डरसन उपनगरातून गार्गी आणि तिचे वडील रवींद्रकाका येऊन उभे. दसऱ्याचा मुहूर्त काकांनीच धरला होता. गार्गीची आई, लीलाकाकू, इथेच मुलीकडे राहायला आल्या असताना गेल्या. साताऱ्याहून बॅगेत घालून आणलेली त्यांची पितळी परात, तिच्यातून त्यांचं नाव कापून गार्गीच्या दारावर लावायचं होतं. परातीचा सपाट तळ चंद्रहासने आधीच वेगळा करून ठेवला होता. त्यात नाव जेमतेम बसत होतं. चुकलं तर संपलं.

"सांभाळून हं," काका म्हणाले. "उभा जन्म कणीक मळली तिने ह्यात."

चंद्रहासने फूल अलगद बाजूला ठेवलं, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर पत्रा दाबून बसवला आणि मशीन सुरू केलं. 'ली' सुरेख उतरली. काका मशीनच्या खोलीच्या काचेला बाहेरून नाक लावून बघत होते. मी उगीचच फडकं पिळत बसले होते. 'ला' अर्धा झाला आणि आवाज बदलला. आधी किरकिर, मग खडखड. पत्रा थरथरायला लागला.

"चंद्रहास, थांबव!" मी ओरडले. त्याने लाल बटणावर हात मारला, पण तेवढ्यात कटर मोडला होता आणि 'ला'च्या कान्यावर लांब ओरखडा उठला होता.

त्याने पत्र्याचा कोपरा उचलला. खाली टेपला चिकटलेला कुंकवाचा तांदूळ. त्या एका दाण्याने पत्रा वर उचलला गेला होता. पूजा झाल्यावर लगेच पुसायचं नसतं म्हणून आज ह्या शहाण्याने टेबलावरून हातच फिरवला नव्हता! माझ्या तोंडात शिवी आली होती, पण त्याचा चेहरा बघून गिळली.

कटर खराब होता म्हटलं असतं तरी कुणाला कळलं असतं? पण हा बाहेर गेला आणि म्हणाला, "काका, चूक माझी आहे. अक्षत राहिली खाली."

गार्गी भडकली. "आईची दुसरी परात कुठून आणू मी? बाबा, तरी सांगत होते, घरातच राहू दे!"

काका आत आले, तो दाणा नखाने सोडवला आणि तळहातावर घेतला.

"नाव पुरं होईल?"

"होईल. पण ओरखडा दिसेल."

"मग पुरं करा."

चंद्रहासने टेबल स्वच्छ पुसलं. तळहात फिरवला, फुंकर मारली, पुन्हा तळहात फिरवला. ह्या वेळी मी चकार शब्द काढला नाही. मग नवा कटर लावला. उरलेला काना कापून होईपर्यंत आम्ही चौघंही श्वास रोखून उभे होतो. लीला. अख्खं नाव एकाच रेघेखाली, एकसंध निघालं. मी कडा घासून दिल्या. गार्गीने ते छातीशी धरलं आणि रडायला लागली.

चंद्रहास मान खाली घालून टेबलावरचा कीस गोळा करत होता. काका त्याच्याजवळ गेले, त्यातला चिमूटभर पिवळाधमक कीस उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"इथे आपट्याची पानं कुठली मिळायला," ते म्हणाले. "लीलाकडचं सोनं घे, बाळा."

चंद्रहास मूठ मिटून त्यांच्या पाया पडायला वाकला, आणि बराच वेळ उठलाच नाही.